अस्वलांच्या जाती व त्यांचीं वसतिस्थानें

दरवेशी अस्वल घेऊन आला म्हणजे गडमुडशिंगीसारख्या गांवांत मुलांची झुंबड उडे. भीति जावी म्हणून आया लेंकरांस त्याच्या पाठीवर बसवीत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो खेळ हळूहळू बंद पडला, आणि तें बरेंच झालें.

जगांत अस्वलांच्या आठ जाती आहेत. ध्रुवीय अस्वल उत्तरेच्या बर्फावर, पंडा चीनमध्यें, चष्मेवालें अस्वल दक्षिण अमेरिकेच्या आंडीज पर्वतांत, तर अमेरिकन काळें अस्वल उत्तर अमेरिकेंत राहतें. उरलेल्या चारही जाती भारतांत आहेत: तपकिरी व काळें अस्वल हिमालयांत, सूर्य-अस्वल ईशान्येस, आणि मेळघाट-ताडोब्यापासून राधानगरीच्या रानापर्यंत आढळणारें आपलें परिचित अस्वल.

ह्याच्या लांब नखांवरून 1791 सालीं शॉ नामक इंग्रज पंडितानें ह्यास झाडास लोंबकळणाऱ्या मंद ‘स्लॉथ’ प्राण्यांत घातलें! तीं नखें वारूळ फोडण्यासाठीं असतात. वरचे मधले दोन दांत नसल्यामुळें त्या फटींतून तें वाळवी ओढून घेतें. तो फुरफुराट दूरवर ऐकूं येतो.

उन्हाळ्याच्या तोंडीं विदर्भांत मोहाचीं फुलें वेंचण्यास माणसें पहांटेच जातात. अस्वलही त्याच झाडाखालीं येतें. त्याची दृष्टि मंद, व खाण्यांत गुंतलें कीं चाहूलही लागत नाहीं. मग दचकून तें अंगावर येतें व तोंडावरच पंजा मारतें. यास्तव मोठ्यानें बोलत, चार-पांच जणांनीं मिळून जावें. पाठीवर पिलें घेतलेली मादी दिसल्यास तर त्या दिवशीं फुलें सोडून परतावें.