गुडघा बदलला, पाय सरळ झाला. पुढं काय?



गेल्या महिन्यात मोहोळ तालुक्यातल्या एका गटाची बैठक आटोपून निघाले होते. एका मावशींनी मला बाजूला घेतलं. चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदललाय. म्हणाल्या, "ऑपरेशन झालं तवा पाय काठीगत सरळ होता बघ. आता परत फेंगडा पडायला लागलाय." दुखत नव्हतं म्हणून त्या दवाखान्यात गेल्या नाहीत. घरीही बोलल्या नाहीत, कारण ऑपरेशनसाठी गटातून काढलेलं कर्ज आत्ता कुठं फिटलं होतं. "परत खर्च काढला म्हणतील," ही भीती.

अशा मावशी आपल्या प्रत्येक गावात असतील. त्यांच्यासाठी हा लेख.

पाय वाकडा का होतो?

खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती साधारण गुडघ्याच्या मधून जायला हवी. संधिवातात बहुतेक वेळा गुडघ्याची आतली बाजू जास्त झिजते. मग गुडघा बाहेर झुकतो आणि पाय धनुष्यासारखा दिसतो. पाय झुकला की भार आणखी आतल्या बाजूवर येतो आणि झीज वाढते. गाडीचं चाक कललं की टायर एकाच बाजूनं झिजतो, तसंच हे.

ऑपरेशनमध्ये हाडांची झिजलेली टोकं कापून त्यावर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती ठेवतात. त्याच वेळी पायही सरळ रेघेत आणतात. काही डॉक्टर रुग्णाचा मूळचा थोडा बाक मुद्दाम ठेवतात. त्यामुळे पहिल्यापासून असलेला किंचित बाक म्हणजे चूक झाली असं नाही. नंतर वाढत गेलेला बाक मात्र दाखवायलाच हवा.

पहिले काही महिने

वर्षानुवर्षं वाकड्या पायावर चालायची सवय असते. म्हणून सरळ झालेला पाय सुरुवातीला परका वाटतो, लांब झाल्यासारखा वाटतो. सूज उतरली, व्यायामानं मांडीत ताकद आली की हे बहुतेकींचं कमी होतं.

एक चूक घरोघरी होते. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतात. त्यानं गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते आणि पुढं पूर्ण सरळ होत नाही. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या.

काही वर्षांनंतर

घाबरू नका. 2019 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या 100 गुडघ्यांपैकी सुमारे 82 गुडघे 25 वर्षं टिकतात. पण काहींचं प्लास्टिक एका बाजूनं झिजतं, बसवलेला भाग सैल होतो किंवा खालचं हाड खचतं. कधी आतून जंतुसंसर्ग होतो. मग पाय हळूहळू परत झुकतो. सुरुवातीला दुखेलच असं नाही.

आपण काय करायचं?

- ऑपरेशननंतर उभं राहून काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक एक्स-रेशी त्याचीच तुलना होते.
- दरवर्षी संक्रांतीला अनवाणी उभ्या राहा. पावलं समोर, घोटे जुळवलेले. दोन गुडघ्यांत किती बोटं मावतात ते सुनेला किंवा लेकीला बघायला सांगा आणि वहीत लिहून ठेवा. हा अंदाज आहे, खरं माप एक्स-रेवरच कळतं.
- दुखत नसलं तरी डॉक्टरांनी दिलेली तपासणीची तारीख चुकवू नका.
- बाक वाढला, नव्यानं दुखू लागलं, पाय लचकू लागला तर लगेच दाखवा. सूज, लाली आणि ताप असेल तर त्याच दिवशी जा.

खर्चाचं

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची मर्यादा जीएसटी सोडून 54,720 रुपये होती, तर दुसऱ्यांदा गुडघा बदलायच्या सांध्याची 1,13,950 रुपये. म्हणजे दुपटीहून जास्त! दवाखान्याचा खर्च आणखी वेगळा. म्हणून लपवून पैसे वाचत नाहीत, उलट वाढतात.

बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. सांध्याच्या पाकिटावरचं स्टिकर फाईलला लावून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

त्या मावशी शेवटी सुनेला घेऊन सोलापूरला जाऊन आल्या. जुना एक्स-रे पेटीत साड्यांखाली सापडला. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी लावून पाहिले. आतल्या बाजूला किंचित फरक पडलाय, पण वेळेत आलात, म्हणाले. आता तीन महिन्यांनी परत बोलावलंय. सून म्हणाली, "आत्या, आधी सांगायचं की!"

पुढच्या बैठकीत हप्ता भरून झाला की आपल्या गटात कुणाचा गुडघा बदललाय ते विचारा. तिचा पहिला एक्स-रे कुठं ठेवलाय, तेही विचारा.