गोदेच्या उतारावरचे राक्षसभुवन

बीड जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी हीच सीमा आहे. अलीकडे गेवराई तालुका, पलीकडे जालना आणि छत्रपती संभाजीनगरचा मुलूख. या काठावर राक्षसभुवन नावाचे एक लहानसे गाव आहे. शनिअमावास्येला तेथे माणसांची दाटी होते, तेलाच्या धारा वाहतात, आणि संध्याकाळी गाड्या परत फिरल्या की गाव पुन्हा आपल्या शेतीत आणि नदीच्या आवाजात मिसळून जाते. शनीच्या साडेतीन पीठांत या स्थानाची गणना केली जाते. गेवराईच्या मोंढ्यात आयुष्य घालविलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांनी हे गाव याच निमित्ताने पाहिलेले असेल. परंतु या घाटावर उभे राहून हे एक रणांगण आहे, असा विचार किती जणांच्या मनात येत असेल?

१० ऑगस्ट १७६३ रोजी येथे पेशवा माधवराव आणि निजामअली यांच्या सैन्यांची गाठ पडली. पानिपतच्या आघाताला अवघी अडीच वर्षे झाली होती. माधवरावांचे वय अठरा. घरात काका रघुनाथरावांशी वैर इतके विकोपाला गेले होते की, आदल्याच वर्षी नोव्हेंबरात रघुनाथरावांनी निजामाची मदत घेऊन पुतण्याचा आळेगावजवळ पराभव केला होता. राज्य दुभंगू नये म्हणून माधवरावांनी स्वतः काकांच्या छावणीत जाऊन मान तुकविली. सत्ता हाती येताच रघुनाथरावांनी जुने हिशेब चुकते करावयास घेतले. तेव्हा मिरजेच्या गोपाळराव पटवर्धनांसारखे मातब्बर सरदार दुखावून निजामाकडे गेले. नागपूरकर जानोजी भोसलेही त्याच बाजूला होते.

निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हा या सगळ्या जुळवाजुळवीचा सूत्रधार. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाची फौज थेट पुण्यात शिरली. लोक मिळेल ती वाट धरून पळाले, घरे लुटली गेली, जाळली गेली. पुण्याच्या पेठांतील सावकार-व्यापाऱ्यांनी त्या दिवसांत काय गमावले असेल, याची कल्पना वहीखाते ज्याच्या घरात आहे त्याला सहज करता येईल. मराठ्यांनी राजधानी वाचविण्यास धावण्याऐवजी निजामाचाच मुलूख लुटीत हैदराबादेच्या बाजूला मुसंडी मारली. दोन्ही फौजा एकमेकांना चुकवीत एकमेकांची घरे लुटीत होत्या.

पावसाळा लागला आणि निजाम औरंगाबादेकडे परतू लागला. वाटेत गोदावरी आडवी. राक्षसभुवनच्या उताराशी येऊन तो स्वतः काही फौजेनिशी पैलतीरी गेला, उरलेली फौज विठ्ठल सुंदराच्या हाताखाली अलीकडेच राहिली. वर श्रावणाचे पाणी चढलेले. नेमक्या या घडीला जानोजी भोसले आपली पथके घेऊन बाजूला सरकले. त्यांच्याशी मराठ्यांचा सौदा आधीच ठरला होता : ३२ लाखांचा मुलूख. मध्ये नदी, एका काठावर धनी आणि दुसऱ्या काठावर दिवाण, अशी निजामाची सेना दुभंगलेली असताना मराठे तुटून पडले.

लढाई मात्र सोपी गेली नाही. विठ्ठल सुंदर लेचापेचा माणूस नव्हता. त्याच्या माऱ्यापुढे मराठ्यांची फळी मागे रेटली गेली आणि रघुनाथरावांचा हत्ती शत्रूच्या गराड्यात सापडला. ज्या काकांनी नऊ महिन्यांपूर्वी आपल्याला नमविले, त्यांना सोडविण्यासाठी माधवराव राखीव फौज घेऊन पुढे घुसले. मला या लढाईतला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. तेथे थोडे रेंगाळणाऱ्या पुतण्याला इतिहासाने कदाचित दोषही दिला नसता. गराडा फुटला, विठ्ठल सुंदर मारला गेला, त्याची फौज नदीकडे पळाली आणि पुष्कळ माणसे पुरातच बुडाली. पैलतीरावर उभा असलेला निजाम हे सर्व पाहत होता, पण पाणी त्याला येऊ देत नव्हते.

सप्टेंबरात औरंगाबादेस तह झाला. निजामाने ८२ लाखांचा मुलूख देण्याचे मान्य केले. उदगीरच्या लढाईनंतर मिळालेला आणि पानिपतानंतर हातचा गेलेला प्रदेश यात आला. जानोजींना कबूल केलेले ३२ लाख यातूनच द्यावयाचे होते. ऐनवेळी फिरलेल्या माणसाला दिलेली ही किंमत माधवरावांच्या मनात सलत राहिली असावी, कारण १७६६ साली निजामालाच बरोबर घेऊन त्यांनी जानोजींकडून त्यातला मोठा भाग परत काढून घेतला. कालचा शत्रू आजचा भागीदार, हे व्यापाऱ्यांनाच शिकवावे लागते असे नाही.

आणि राक्षसभुवनचे काय झाले? ज्या गावाशेजारी पेशवे जिंकले ते गाव पुढे निजामाच्याच राज्यात राहिले, ते थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत.

आज गेलात तर पाहण्यासारखे म्हणजे नदीकाठचे शनिमंदिर, घाट आणि गोदेचे रुंद पात्र. याच तालुक्यात गोदाकाठीच पांचाळेश्वर आहे. महानुभाव पंथाला पूज्य असलेले आत्मतीर्थ तेथे आहे. दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. बीडहून गेवराई गाठावी आणि तेथून आत वळावे. पावसाळा टाळलेला बरा. वरच्या बाजूला पैठणचे जायकवाडी धरण आहे. त्याचे दरवाजे उघडून पाणी सोडले की शनिमंदिर पाण्याखाली जाते आणि पुजाऱ्यांसह सारे गाव पाणी उतरण्याची वाट पाहत बसते. दरवाजे बंद असले की हेच पात्र कोरडे पडते. ज्या पुराने एक लढाई ठरविली तो पूर आता कालदर्शिकेप्रमाणे नव्हे, धरणाच्या पातळीप्रमाणे येतो.

कोरड्या पात्रात दुसरेच दृश्य दिसते. गोदेच्या वाळूला बांधकामासाठी मोठी मागणी आहे. उपशाने पात्र जागोजागी खोल झाले आहे. आपल्या शहरातील घरांच्या भिंतींतही ती वाळू असेलच. ज्या उथळ उतारावरून निजामाचे हत्ती पलीकडे गेले, तसा उतार आता या पात्रात सापडणे कठीण. घाटाच्या पायरीवर बसून पैलतीराकडे पाहिले तर दोन्ही काठांमधील अंतर तेवढे जाणवते. त्या दिवशी निजामाला ते ओलांडता आले नव्हते.