संगीताचा जमाखर्च : एक नवी विद्या

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजेरजवाड्यांच्या आश्रयावर विसंबून न राहतां लोकांच्या पाठबळावर संगीताची शाळा चालवावयाची, हा त्यांचा संकल्प. १९०८ सालीं मुंबईस विद्यालय निघालें; तें वाढलें, त्याची वास्तु उभी राहिली. परंतु या विस्तारासाठीं काढलेलें कर्ज फिटलें नाहीं आणि १९२४ सालीं त्या वास्तूचा लिलाव झाला. पंडितजींच्या स्वरज्ञानांत, शिष्यप्रेमांत किंवा उद्योगशीलतेंत तिळमात्र उणीव नव्हती. लंगडी पडली ती जमाखर्चाची बाजू.

ही बाजू शास्त्रशुद्ध रीतीनें शिकवितां येईल काय? या प्रश्नाला होकारार्थी उत्तर प्रथम अमेरिकेंत मिळालें. फ्लॉरिडांतील मायामी विद्यापीठानें १९६० नंतरच्या दशकांत संगीत-व्यवसायाचा पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या उभारणींत आल्फ्रेड रीड यांचा वाटा मोठा होता. रीड हे स्वतः नामवंत रचनाकार. पण विद्यापीठांत येण्यापूर्वीं त्यांनीं संगीत-प्रकाशनाच्या कचेरींत कित्येक वर्षें काम केलें होतें. पुढें बॉस्टनमधील बर्कली व नॅशव्हिलमधील बेलमाँट या संस्थांनींही हा विषय हातीं घेतला. २००३ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठांत क्लाइव्ह डेव्हिस यांच्या नांवानें असा विभाग निघाला. हे डेव्हिस मूळचे वकील. कोलंबिया ध्वनिमुद्रिका कंपनींत ते कायद्याचें काम पाहण्यासाठीं आले आणि १९६७ सालीं तिचे अध्यक्ष झाले. गायनाच्या धंद्यांत कायदा जाणणाऱ्याला केवढें मोल आहे, हें यावरून दिसून येईल.

या अभ्यासक्रमाचा पहिला धडा असा कीं, गाणें ही एक मालमत्ता नसून त्यांत दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. त्या गाण्याचें ध्वनिमुद्रण ही दुसरी. पहिलीचे मूळ धनी कवि व संगीतकार, दुसरीची धनीण बहुधा कंपनी. एकच चाल दहा गायकांनीं मुद्रित केली तर मुद्रणें दहा होतात, चाल मात्र एकच राहते. नभोवाणीवर, चित्रपटांत, उपाहारगृहांत किंवा मोबाईलवर गाणें वाजलें कीं या दोन्ही खात्यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो. तो कोणी करावा, कोणत्या दरानें करावा, आणि पैसा कोणत्या वाटेनें कलावंताच्या घरीं पोंचतो, हें विद्यार्थी शिकतो.

दुसरा धडा करारनामा वाचण्याचा. समजा, एका तरुण गायिकेला कंपनीनें एक लाख रुपये उचल दिली आणि मुद्रणाच्या उत्पन्नांत शेंकडा पंधरा वांटा ठरविला. मुद्रणाचें उत्पन्न चार लाख झालें. गायिकेचा वांटा साठ हजार; परंतु तो तिच्या हातीं न पडतां उचलींत वळता होतो. कंपनीजवळ उचल वजा जातां तीन लाख राहतात, आणि गायिकेच्या नांवावर मात्र चाळीस हजार येणें दिसतें! यांत कोणी चोरी केलेली नसते. जें कागदावर लिहिलें तेंच घडतें. म्हणून सही करण्यापूर्वीं उचल कशांतून वळती होणार, मुद्रणाचा खर्च कोणाच्या माथीं आणि हक्क किती वर्षांनीं परत येणार, हें विचारण्याची संवय या शिक्षणानें लागते.

आपल्या देशांतही हा प्रश्न दूरचा नाहीं. लेखनहक्काचा कायदा १९५७ सालीं झाला. तथापि १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, निर्मात्यानें मोबदला देऊन चित्रपटासाठीं गीत व संगीत करवून घेतलें, आणि उलट करार नसला, तर पहिला धनी निर्माताच. एकदां बिदागी घेतली कीं कवि-संगीतकारांचा संबंध बहुधा संपे. २०१२ सालच्या दुरुस्तीनें ही स्थिति पालटली. चित्रपटगृहांतील प्रदर्शन वगळतां अन्यत्र गाण्याचा उपयोग झाला तर रॉयल्टीचा समान वांटा मिळण्याचा कवि-संगीतकारांचा हक्क आतां करारानेंही सोडून देतां येत नाहीं. तो त्यांच्या पश्चात् साठ वर्षें वारसांकडे चालतो. परंतु कोणत्या रचना कोणाच्या, याची नीट नोंदच नसेल तर हक्क असूनही पैसा अडून राहतो. ही नोंद ठेवणारीं माणसें तयार करणें हेंच या विद्येचें प्रयोजन होय.

मुलानें वा मुलीनें या वाटेनें जाण्याचें मनांत आणलें तर ‘पुढें काय?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न रास्तच आहे. प्रकाशन, हक्कांचे परवाने, मैफलींचें आयोजन, कलावंतांचें व्यवस्थापन, हीं पुढचीं क्षेत्रें. मात्र परदेशीं शिक्षणाचा खर्च भारी आहे, आणि नुसत्या पदवीनें कोणाचें दार उघडत नाहीं. वाणिज्याची किंवा कायद्याची पदवी आणि जोडीला एकाद्या संगीत-मंडळांतील प्रत्यक्ष काम, हा मार्गही हलका नव्हे. पुण्यांत १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या उत्सवामागें तिकिटें, मंडप, ध्वनिक्षेपक आणि कलावंतांचा प्रवास यांचा केवढा संसार असतो! तो जवळून पाहणाऱ्याला पुस्तकांतील पुष्कळ पानें आपोआप उलगडतात. उलट, करारांतील कलमें आणि हक्कांचे हिशेब मंडपांत उभें राहून उमजत नाहींत; त्यांना अध्ययनच लागतें.

कलावंतानें पैशाकडे पाहूं नये, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यानें सदोदित पाहूं नये हें खरें. पण म्हणूनच त्याच्या वतीनें जाणतेपणानें व प्रामाणिकपणें पाहणारा कोणी तरी हवा. पंडितजींचे शिष्य देशभर पसरले आणि त्यांची विद्या टिकली. वास्तु मात्र हातची गेली. पुढच्या पिढींतील साधकांची विद्या आणि वास्तु हीं दोन्हीं टिकावींत, एवढ्यासाठीं हा नवा अभ्यास आदरानें पाहण्याजोगा आहे.