वाटाड्या निवडताना

इसवी सन १२५४ मधील फेब्रुवारी महिन्याची ही घटना आहे. युरोपातून निघालेले दोन ख्रिस्ती धर्मोपदेशक हजारो मैलांचा खडतर प्रवास करून मंगोल सम्राट मोंगके खान याच्या छावणीत पोचले होते. एकाचे नाव रुब्रुकचा विल्यम आणि दुसऱ्याचे बार्थोलोम्यू. सम्राटाची भेट आटोपून तंबूबाहेर पडताना बार्थोलोम्यूने मागे वळून त्याला वंदन केले आणि त्या गडबडीत त्याचा पाय उंबरठ्याला अडखळला. पहारेकऱ्यांनी त्याला तत्काळ पकडले. सम्राटाच्या उंबरठ्याला पाय लागणे हा मंगोलांच्या दृष्टीने गंभीर अपराध होता. पुढे चौकशी झाली. उंबरठ्याविषयी कोणी पूर्वसूचना दिली होती काय, असे अधिकाऱ्याने विचारले. आमच्यासोबत भाषा समजावून सांगणारा कोणी नव्हता, मग आम्हांला हे कसे कळणार, असे विल्यमने उत्तर दिले. त्यामुळे बार्थोलोम्यूला क्षमा मिळाली. परंतु सम्राटाच्या कोणत्याही निवासात प्रवेश करण्यास त्याला कायमची बंदी झाली. विल्यमने आपल्या प्रवासवृत्तान्तात हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

जी गोष्ट बार्थोलोम्यूला कोणी सांगितली नाही, ती आधीच सांगून ठेवणे हे मार्गदर्शक पुस्तकाचे काम होय. प्रवासवर्णन आणि मार्गदर्शक पुस्तक यांत फरक आहे. प्रवासवर्णनात लेखक स्वतः काय पाहिले, काय अनुभवले ते सांगतो. मार्गदर्शक पुस्तकाचा लेखक मात्र मागे राहतो आणि आपल्यानंतर येणाऱ्या अपरिचित वाचकाचा वाटाड्या होतो. पहिले पुस्तक मन रमवते. दुसऱ्यावर आपण आपला वेळ, पैसा आणि प्रसंगी जीवही सोपवतो. म्हणूनच त्याची निवड पारखून करावी लागते.

मंगोलियासारख्या देशात ही पारख अधिक महत्त्वाची ठरते. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळजवळ निम्मे आहे. लोकसंख्या मात्र सुमारे ३५ लाख असून तीतील जवळपास निम्मे लोक उलानबातर या राजधानीत राहतात. उरलेल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात आणि गोबीच्या वाळवंटात पशुपालक कुटुंबे उंट, घोडे, गाई व याक, मेंढ्या आणि बकऱ्या घेऊन ऋतुमानानुसार स्थलांतर करतात. त्यांचे घर म्हणजे 'गेर', लाकडी सांगाड्यावर लोकरीचे जाड नमदे आच्छादून उभारलेला गोल तंबू. काही तासांत तो उतरवता येतो आणि नव्या कुरणावर पुन्हा उभा करता येतो. इतकेच काय, आजची राजधानीसुद्धा १६३९ साली एका फिरत्या मठाच्या रूपाने जन्माला आली. वीसहून अधिक वेळा जागा बदलून १७७८ च्या सुमारास ती आजच्या ठिकाणी स्थिरावली. जेथे घरेच चालतात, तेथे 'अमुक घरापासून उजवीकडे वळा' अशी सूचना काय कामाची? मग अशा देशासाठी पुस्तक कसे निवडावे?

पहिली कसोटी आवृत्तीच्या वर्षाची. मुखपृष्ठावरील छायाचित्रे पाहण्यापूर्वी पुस्तक कोणत्या वर्षी सुधारले गेले ते पाहावे. उलानबातरचा नवा विमानतळ जुलै २०२१ मध्ये सुरू झाला. तो शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. त्यापूर्वीचे पुस्तक प्रवाशाला शहरालगतच्या जुन्या विमानतळाचा हिशेब सांगेल. गेल्या दोन दशकांत अनेक प्रांतांची मुख्य ठिकाणे डांबरी रस्त्यांनी राजधानीशी जोडली गेली, त्यामुळे जुन्या पुस्तकातील प्रवासाचे दिवसही चुकतील. दर, वेळापत्रके आणि प्रवेशपत्राचे नियम तर पुस्तक छापून होईपर्यंतच बदलू शकतात. प्रवेशपत्राची चौकशी नवी दिल्लीतील मंगोलियाच्या दूतावासाकडेच करावी. तथापि जुने पुस्तक सर्वस्वी टाकाऊ नसते. इतिहास, भूगोल आणि लोकरीती यांविषयीची त्यातील माहिती पुष्कळ काळ टिकते. काय लवकर शिळे होते आणि काय टिकते, हा विवेक वाचकाने करावा.

दुसरी कसोटी नावांची आणि नकाशाची. मंगोल भाषा १९४० च्या दशकापासून प्रामुख्याने सिरिलिक लिपीत लिहिली जाते. २०२५ पासून शासकीय कागदपत्रांत तिच्या जोडीला पारंपरिक उभी लिपीही आली आहे. रस्त्यावरील पाटी रोमन लिपीत असेलच असे नाही. म्हणून ज्या पुस्तकात गावांची नावे स्थानिक लिपीतही छापली आहेत, ते अधिक उपयोगी. शिवाय एकाच ठिकाणाला दोन नावे असू शकतात. दुंदगोवी प्रांताचे मुख्य गाव मंदलगोवी म्हणून ओळखले जाते, पण ते ज्या तालुक्यात आहे त्याचे नाव साइनत्सगान आहे. हा घोटाळा आधीच उलगडून सांगणारे पुस्तक प्रवाशाचा एखादा दिवस वाचवते. अंतर केवळ किलोमीटरमध्ये न देता लागणारा वेळही सांगितला आहे का, इंधन आणि पाणी कोठे मिळेल ते दिले आहे का, हेही पाहावे.

तिसरी कसोटी स्पष्टवक्तेपणाची. केवळ निळे आकाश आणि धावते घोडे यांचे वर्णन करणारे पुस्तक म्हणजे जाहिरात होय. जानेवारीत राजधानीतील तापमान रात्री शून्याखाली ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, ग्रामीण भागात आहार मुख्यतः मांसाचा आणि दुग्धजन्य पदार्थांचा असतो, रुग्णालय शेकडो किलोमीटर दूर असू शकते, या गोष्टी सांगणारा लेखकच विश्वासाला पात्र. आपल्याकडील शाकाहारी प्रवाशाने तर आहाराचे प्रकरण सर्वांत आधी वाचावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी माणसांची. पुस्तकातील प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूस ठेवून यजमानांविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. गेरजवळ जाताना दुरूनच 'नोखोइ खोर', म्हणजे 'कुत्रा आवरा', अशी हाक द्यावी. उंबरठ्यावर पाय देऊ नये. मिठाचा दुधाळ चहा किंवा घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे 'आइराग' पुढे आले तर ते उजव्या हाताने स्वीकारावे आणि नको असल्यास निदान ओठांना लावून परत द्यावे. हे शिष्टाचार तर त्यात असावेतच, पण त्यांमागचे जीवनही असावे. ज्या कठोर हिवाळ्यात गुरे मोठ्या संख्येने दगावतात त्याला तेथे 'झुद' म्हणतात. २०२३-२४ च्या झुदमध्ये सत्तर लाखांहून अधिक जनावरे मेली. अशा हिवाळ्यानंतरच्या वसंतात एखाद्या घरी वाटी पुढे केली जाते, तेव्हा ती कशातून आली आहे, हे पाहुण्याला ठाऊक असले पाहिजे. मग तो आदरातिथ्य गृहीत धरणार नाही.

लोनली प्लॅनेट आणि ब्रॅड्ट यांसारख्या प्रकाशनसंस्थांनी मंगोलियावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तके काढली आहेत. अशी दोन पुस्तके ग्रंथालयात शेजारी शेजारी उघडून एकाच गावाची माहिती ताडून पाहावी. जे पुस्तक 'येथे स्थानिकांना विचारा' असे निःसंकोच लिहिते, ते दुबळे नव्हे, तर प्रामाणिक असते. कुरणे बदलतात, नदीचा उतार बदलतो. त्या दिवशीची वाट त्या दिवशीच्या मेंढपाळालाच ठाऊक असते. उत्तम मार्गदर्शक पुस्तक आपल्याला त्या मेंढपाळाच्या दारापर्यंत आणून सोडते आणि तेथे कसे बोलावे, कसे बसावे हे शिकवते.

हीच दृष्टी कोणत्याही अपरिचित प्रदेशाला लागू पडते. बार्थोलोम्यूला क्षमा मिळाली, कारण त्याला कोणी काही सांगितले नव्हते. आज हाती पुस्तक घेऊन निघणाऱ्या प्रवाशाला ही सबब सांगता येणार नाही.