निघाले रक्तदाबाला, पोचले मेंदूला

मेंदूवरचं संशोधन म्हटलं की भलंमोठं यंत्र, पांढरे कोट आणि जडजंबाळ शब्द डोळ्यांपुढे येतात. पण या विषयातले कितीतरी शोध आडवाटेने लागले आहेत. शोधायला गेले एक आणि हाती आलं भलतंच. तेही हाती आलं, कारण समोरच्या माणसाकडे कुणीतरी नीट लक्ष देत होतं. असेच काही किस्से, सुरुवात आपल्या परळपासून.

परळ ते स्टॉकहोम

सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांच्या जुन्या ओळखीची. बिहारात तर तिचं नावच 'पागल की दवा'. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहून ठेवलं की ही मुळी वेडाच्या झटक्यावर चालते आणि वाढलेल्या रक्तदाबावरही. त्यातला रक्तदाबाचा धागा धरला तो परळच्या केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा ५० रोग्यांवरचा अभ्यास छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी कान टवकारले.

पुढे घडलं ते फार वेगाने. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, रेसर्पिन. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. १९५७ चं मानाचं लास्कर वैद्यकीय पारितोषिक डॉ. वकील यांना मिळालं, रक्तदाबासाठी. आणि त्याच वर्षी क्लाइन यांनाही मिळालं, मनोविकारांसाठी. मुळी एकच!

खरी गंमत पुढेच आहे. त्याच १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे निपचित पडले, हलेनात. मग त्यांना एल-डोपा नावाचं द्रव्य दिलं, तर थोड्याच वेळात ते उठून पुन्हा हिंडूफिरू लागले. शरीरात एल-डोपापासून डोपामिन तयार होतं. तोवर डोपामिन म्हणजे दुसरं काहीतरी तयार होतानाचा मधला टप्पा, एवढीच त्याची किंमत होती. मेंदूतला तो स्वतंत्र निरोप्या आहे हे त्या सशांनी दाखवून दिलं. तीन वर्षांनी व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविच यांनी कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रोग्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. हालचालींशी संबंधित भागात डोपामिनचा खडखडाट होता. १९६१ मध्ये एल-डोपाची इंजेक्शनं दिली, तेव्हा अंथरुणाला खिळलेले रोगी उठून चालले. आज घरोघरी कंपवाताच्या रोग्यांना जी गोळी मिळते, तिच्यात हेच द्रव्य असतं. कार्लसन यांना २००० साली स्टॉकहोममध्ये नोबेल मिळालं.

आणि आपल्या रानातली, नुसती अंगाला लागली तरी जीव नकोसा करणारी खाजकुइली? तिच्या बियांमध्ये एल-डोपा निसर्गतःच असतं, आणि आयुर्वेदात कंपवातावर ती दिली जाते. मात्र बियांमधलं प्रमाण कमीजास्त असतं. त्यामुळे चालू गोळ्यांच्या जोडीला हा प्रयोग कुणीही परस्पर घरी करू नये.

बिग बँगमधलं औषध

डॉ. जॉन केड हे ऑस्ट्रेलियाचे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत त्यांनी साडेतीन वर्षं जपान्यांचे कैदी म्हणून काढली. तिथे आजूबाजूची माणसं मनाने ढासळताना बघून त्यांना वाटू लागलं की हे आजार शरीरातल्या कुठल्यातरी रसायनामुळे होत असावेत. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या इस्पितळात त्यांनी उन्मादाच्या रोग्यांची लघवी गोळा करून तपासायला घेतली. तिच्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या! प्रयोगात युरिक आम्ल विरघळावं म्हणून त्यांनी लिथियमचा क्षार वापरला, तो गिनिपिगांना टोचला आणि ते शांत झाले. औषधाची परीक्षा केडनी आधी स्वतःवर केली आणि मग ते रोग्यांना दिलं. पाच वर्षं वॉर्डात बेभान असलेला एक रोगी काही महिन्यांत आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला.

ज्या तर्काने केड निघाले होते तो चुकीचा होता. गिनिपिगांची ती शांतता बहुधा जास्त डोसची गुंगी होती. पण औषध खरं निघालं. केडचा लेख १९४९ मध्ये आला आणि उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या द्विध्रुवीय विकारावर लिथियम आजही वापरात आहे. त्याचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं, म्हणूनच ही गोळी चालू असणाऱ्यांना वरचेवर रक्त तपासायला सांगतात.

जाता जाता दोन गोष्टी. विश्व जन्मलं त्या पहिल्या काही मिनिटांत जी मोजकी मूलद्रव्यं बनली, त्यांत लिथियम होतं. आणि १९२९ मध्ये बाजारात आलेल्या सेव्हन-अपमध्ये १९४८ पर्यंत लिथियमचा क्षार घातलेला असे.

टीबीच्या वॉर्डात नाच

१९५२. न्यूयॉर्कचं सी व्ह्यू इस्पितळ. इप्रोनायझिड हे क्षयावरचं नवं औषध सुरू झालं आणि खंगलेले रोगी व्हरांड्यात नाचू लागले. फुप्फुसं अजून बरी व्हायची होती. आधी मन उभारी धरून उठलं होतं. याच निरीक्षणातून उदासीनतेवरचं पहिलं आधुनिक औषध मिळालं. यकृताला अपाय होतो म्हणून ते पुढे मागे घेतलं गेलं, पण रस्ता उघडला तो उघडलाच.

बहिणीची तार

१८९३ मध्ये हान्स बर्गर हा तरुण जर्मन सैनिक घोड्यावरून पडला आणि थोडक्यात वाचला. त्याच दिवशी दूरच्या गावी असलेल्या बहिणीला वाटलं, भावाला काहीतरी झालंय. तिने घरी हट्ट धरला आणि वडिलांनी तार केली. मनामनांत बिनतारी संदेश जातो की काय, या ध्यासापायी बर्गर मेंदूचे डॉक्टर झाले. तो संदेश काही सापडला नाही. पण १९२४ मध्ये त्यांनी माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेचा पहिला आलेख घेतला. फिट्स येणाऱ्या रोग्याचा आज काढतात तोच हा ईईजी.

अपघातानंतर व्हिडिओ गेम

मोठ्या आघातानंतर तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहतं आणि माणसाला छळतं. एमिली होम्स यांच्या गटाने ऑक्सफर्डच्या इस्पितळात, रस्त्यावरच्या अपघातातून आलेल्या ७१ जणांवर एक प्रयोग केला. अपघाताला सहा तास उलटायच्या आत काहींना तो प्रसंग थोडक्यात आठवायला लावला आणि मग टेट्रिस खेळायला दिलं. वरून पडणारे ठोकळे रचायचा तोच जुना खेळ. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: पहिल्या आठवड्यात खेळणाऱ्यांना अशा आठवणी ६२ टक्के कमी आल्या. दृश्याची आठवण मेंदूत पक्की बसायला काही तास लागतात. तेवढ्यात नजरेला दुसरं काम दिलं की तिची पकड सैल राहते, असा यामागचा तर्क. इतक्या स्वस्त गोष्टीवर कुणीतरी इतक्या गांभीर्याने काम केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वासावरून निदान

स्कॉटलंडच्या निवृत्त नर्स जॉय मिल्न यांना नवऱ्याच्या अंगाचा वास बदललेला जाणवला. त्याला पार्किन्सन असल्याचं निदान व्हायला तेव्हा बरीच वर्षं अवकाश होता. पुढे इतर रोग्यांमध्ये बसल्यावर कळलं, वास सगळ्यांना तोच आहे. एडिंबरा विद्यापीठात टिलो कुनाथ यांनी त्यांना १२ टी-शर्ट हुंगायला दिले. सहा रोग्यांचे, सहा निरोग्यांचे. त्यांनी सहाही रोगी ओळखले, पण एका निरोगी माणसाच्या शर्टालाही तोच वास आहे म्हणाल्या. एक चूक, असं सगळ्यांनी धरलं. आठ महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन निघाला. आता, ज्यातून हा वास येतो त्या पाठीवरच्या त्वचेच्या तेलकटपणातून हा आजार आधीच ओळखता येईल का, यावर मँचेस्टरमध्ये काम चालू आहे.

गोव्याचा दवाखाना, अमरावतीची गावं

हे सगळं झालं औषधांचं आणि यंत्रांचं. पण आपल्याकडची अडचण वेगळीच आहे: मनोविकारतज्ज्ञ आहेतच किती? मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसोबत १९९६ मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था उभी केली आणि एक सरळ प्रश्न विचारला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या माणसांनी समुपदेशन केलं तर? गोव्यातल्या २४ दवाखान्यांत, २,७९६ रोग्यांवर हे तपासलं. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: सरकारी आरोग्य केंद्रांमधले रोगी अशा मदतीने जास्त प्रमाणात बरे झाले.

पुढची पायरी विदर्भात. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजारांबद्दल बोलायचं, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि पुढे डॉक्टरकडे न्यायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते. उपक्रमानंतर ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. माझ्या मते या पानावरचा सगळ्यात मोठा शोध हाच आहे. आणि ज्यांच्या गावात असा कार्यकर्ता अजून पोचलेला नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे: क्रमांक १४४१६, दिवसरात्र, फुकट आणि मराठीतून.