यशाला लागलेला धक्का

अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये महानगरांच्या संघांकडे धन आणि प्रसिद्धी यांचा ओघ अधिक. तरीही टेक्सासमधील सॅन अँटोनियो या छोट्या बाजारपेठेच्या ‘स्पर्स’ संघाने १९९९ ते २०१४ या काळात पाच विजेतेपदे मिळविली. संयम आणि शिस्त हेच त्याचे भांडवल होते. मात्र मे २००७ मध्ये स्पर्सच्या रॉबर्ट हॉरीने फिनिक्सच्या स्टीव्ह नॅशला जोरदार धक्का देऊन मैदानालगतच्या टेबलावर आदळविले. हॉरीवर दोन सामन्यांची बंदी आली. परंतु राखीव बाक सोडून पुढे सरसावलेले फिनिक्सचे दोन खेळाडूही पुढील सामन्यास मुकले. तो सामना स्पर्सने अवघ्या तीन गुणांनी जिंकला आणि पुढे विजेतेपदही. नियम पाळला गेला. न्याय झाला का, हा प्रश्न मात्र उरलाच. वर्षानुवर्षे जमविलेली पत क्षणात डागाळते, ती अशी!