मिशन बोर्डिंगचे मुक्कामी मास्तर

भिंगार : दसरा-दिवाळी उरकली की नगर-पाथर्डी रस्त्याने ऊसतोड मजुरांच्या गाड्या भिंगारवरून पश्चिमेकडे जाऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर कोंबड्या आणि त्या संसारात शाळेची पोरंही. ही पोरं कारखान्यावर गेली तर शाळा बुडते. गावात ठेवली तर सांभाळायची कुणी, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागाला दरवर्षी पडतो. त्यासाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे चालतात. २०२१ साली राज्य शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आणली. त्यात ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे ठरली.

इमारत, गाद्या, जेवण, तेल-साबण याची चर्चा सगळीकडे होते. मुलांजवळ रात्री कोण राहणार, याची चर्चा मात्र कमी होते. ज्यांचे सारे बालपण बोर्डिंगात गेले अशा जुन्या माणसांना याबाबत विचारण्यासारखे आहे. आपल्या जिल्ह्यात अशी माणसे थोडी नाहीत. राहुरी, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या पट्ट्यात कॅथलिक मिशनच्या बोर्डिंगात शिकून पुढे शिक्षक, नर्स, कंपाउंडर, जवान, ग्रामसेवक झालेली मंडळी गावोगाव आहेत. भिंगार-कॅम्पातही ती भेटतात. दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. १९४९ पासूनची ही यात्रा. तिथे जुने सवंगडी भेटले की बोलणे फिरून-फिरून आपल्या मास्तरांवर येते.

दुष्काळातून उभी राहिलेली शाळा

नगरला मिशनच्या शाळा नव्या नाहीत. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरात होते. सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८३९ पासून येथे मुलींची शाळा चालवीत आणि सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे सावित्रीबाईंचे चरित्रकार सांगतात. हे मिशन प्रॉटेस्टंटांचे. कॅथलिकांचे काम खेड्यात सुरू झाले ते १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट पंथाचे, जर्मन फादर राहुरी तालुक्यातल्या वळण, केंदळ भागात आले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. दुसऱ्याला आपल्याकडे छप्पनचा दुष्काळ म्हणतात. आईबाप गेलेली, नाहीतर आईबापांनीच पोटासाठी आणून सोडलेली पोरं मिशनच्या आसऱ्याला आली. आधी अन्न, मग निवारा आणि त्यानंतर पाटी, असा बोर्डिंगांचा क्रम आहे.

१९१४ ला पहिले महायुद्ध पेटले आणि सरकारच्या लेखी जर्मन माणूस शत्रू ठरला. देशभरातल्या जर्मन नागरिकांना नगरच्या लष्करी छावणीत आणून ठेवले. भिंगारच्या शेजारीच हा बंदिवास होता. जर्मन फादरांना मिशन सोडावे लागले, पुष्कळांना मायदेशी धाडले. पुण्याचे बिशप डोरिंग त्या वेळी युरोपात होते, त्यांना परत येऊ दिले नाही. ते जपानला गेले आणि १९२७ साली पुन्हा पुण्यात आले. युद्धानंतर या भागाची जबाबदारी मुख्यतः स्वित्झर्लंडच्या फादरांकडे गेली, कारण तो देश युद्धात नव्हता. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात स्विस फादर इतके का येतात, त्याचे कारण हे आहे.

बोर्डिंगच्या आधी गावातला मास्तर

गोरा फादर सगळ्यांच्या नजरेत भरायचा. पण ज्यांनी पहिली अक्षरे गिरवून घेतली ते बहुतेक आपलेच मराठी मास्तर होते. मिशनने गावात एक मास्तर ठेवायचा, त्याने वस्तीवरच राहायचे, दिवसा मुलांना शिकवायचे आणि संध्याकाळी मोठ्यांची प्रार्थना घ्यायची, अशी पद्धत होती. पगार जेमतेम. घर वस्तीतलेच. ज्या काळी दलितांच्या पोरांना सरकारी शाळेत बाहेर, नाहीतर वेगळे बसावे लागे, त्या काळी हा मास्तर त्यांच्या ओट्यावर बसून शिकवीत होता.

मास्तरचे काम पाटीवर संपत नसे. तलाठ्याची नोटीस आली की वाचायला मास्तर, मामलेदाराला अर्ज करायचा तर लिहायला मास्तर, पलटणीत गेलेल्या पोराचे कार्ड आले तर तेही त्यालाच वाचावे लागे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी त्यात काय लिहिलेय हे सांगणारा माणूस वस्तीला पहिल्यांदा मिळाला. ज्या वस्तीत अक्षर नव्हते तिथे या गोष्टीची किंमत काय होती, हे महसूल खात्यात काम केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. हाच मास्तर हुशार पोर हेरायचा, बापाची समजूत घालायचा आणि पोराला बोर्डिंगला पोचवायचा.

फादर कडक होते, पण...

जुना विद्यार्थी बोलू लागला की सुरुवात ठरलेली असते. पत्र्याची पेटी, वळकटी आणि पहिल्या रात्रीचे रडणे. मग घंटेची गोष्ट. उठायची घंटा, प्रार्थनेची घंटा, जेवणाची घंटा, अभ्यासाची घंटा. ज्वारीची भाकरी, पातळ कालवण, दुष्काळात परदेशातून आलेल्या गव्हाची नाहीतर मिलोची भाकर आणि दुधाच्या पावडरीचे दूध. विहिरीवरून पाणी आणायचे, भाजीच्या वाफ्यांना पाणी घालायचे, आवार झाडायचे. काम सगळ्यांना सारखे आणि पंगतही एकच.

त्यानंतर गोष्ट येते ती मास्तरांची आणि फादरांची. फादर कडक होते, हे वाक्य हमखास येते. त्यापुढचे ‘पण’ सुद्धा हमखास येते. पण रात्री कंदील घेऊन एक फेरी मारायचे, कुणाच्या अंगावरचे पांघरूण सरकले असेल तर नीट करायचे. पण ताप आला तर सिस्टर उशाशी बसायच्या, खरजेला गंधकाचे मलम स्वतःच्या हाताने लावायच्या. पण गणित जमेना म्हणून मास्तरांनी जेवणानंतर अर्धा तास बसवले आणि त्याचा एक पैसा घेतला नाही. परदेशी फादरांचे खेड्यातले मराठी आठवून सगळे हसतात. तो माणूस आपली भाषा शिकायला आपल्या ओट्यावर बसला, हे मात्र कुणी विसरत नाही.

सगळ्या आठवणींत एक समान गोष्ट आहे. धडा कोणता शिकवला हे फार थोड्यांना आठवते. रात्री मास्तर तिथेच होते, हे प्रत्येकाला आठवते. पहाटे चारला पोट दुखले तरी हाक मारायला एक दार होते. शिकवणारा माणूस शाळेच्या आवारातच राहत होता, तेच पाणी पीत होता आणि टंचाईत त्याच्याही ताटात तीच भाकरी होती.

सगळेच गोड नव्हते

ही बाजू सांगितली तर दुसरीही सांगितली पाहिजे. छडी चालायची आणि जोरात चालायची. आज तो गुन्हाच आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना मारायला, मानसिक त्रास द्यायला बंदी केली. त्या काळी बापच सांगून जायचा, की मास्तर, कातडं तुमचं, हाडं आमची. सहा-सात वर्षांचे पोर आईपासून तोडून महिनोन्महिने लांब ठेवणे सोपे नव्हते. पळून जाणारी पोरं होती, रस्त्याने चालत घर गाठणारी होती आणि बापाने त्याच पावली परत आणून सोडलेलीही होती.

धर्माचा प्रश्नही होता. बोर्डिंगात प्रार्थना चुकत नसे. शाळेसाठी धर्म की धर्मासाठी शाळा, असा वाद तेव्हाही होता, आजही आहे. शिकून बाहेर पडल्यावर या मुलांना वेगळीच अडचण आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती राहून गेले. एकाच वाड्यातले दोन चुलतभाऊ, एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही, असे झाले. शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले आहे यावर नोकरी ठरू लागली. केंद्र सरकारने २०२२ साली या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दाखल्यातला एक शब्द माणसाला किती पुरतो, हे या मंडळींनी भोगले आहे. तरीही मास्तरांचे नाव काढले की ती हळवी होतात.

फळ्यावरून बांधावर

मुक्कामी राहणाऱ्या माणसाला गावाचे खरे दुखणे कळते, याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. फादर हर्मन बाखर हे स्विस फादर १९४८ साली भारतात आले आणि त्यांची उमेदीची वर्षे नगर जिल्ह्यात गेली. शाळा काढली, बोर्डिंग काढले, तरी रानात पाणी नसेल तर पोराचा बाप गाव सोडणारच, हे त्यांनी ओळखले. पुढे त्यांच्या पुढाकारातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. नाबार्ड त्यात होती. १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था निघाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती, नालाबांध, गावाचे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ही त्या कामाची रीत. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे त्यातले नावाजलेले गाव. २०२१ साली फादर वारले. लोक त्यांना बाखरबाबा म्हणत.

ही काही एका धर्माचीच मिरास नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने विकून त्या पोरांना जेवू घातले. रयतचे जुने विद्यार्थी आजही वहिनींची आठवण काढतात. तिथेही जवळ राहणारे माणूसच लक्षात राहिले.

ग्रामसभेने विचारावे असे

गावोगाव हायस्कुले झाली, एसटी आली, मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळाला. जुन्या बोर्डिंगांची गरज त्यामुळे कमी झाली, हे चांगलेच झाले. पण मास्तर सकाळी मोटारसायकलवर येतात आणि शाळा सुटली की तालुक्याला परततात. घरभाडे भत्त्यासाठी शिक्षक मुख्यालयी राहतात असा ग्रामसभेचा ठराव मागण्यापर्यंत पाळी आली. तो ठराव किती गावांत खरा होतो, हे सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी स्वतःच्या मनाला विचारावे. शिक्षकांचीही बाजू आहे. पुष्कळ गावांत राहायला धड खोली नाही, पाणी नाही, त्यांच्या मुलांना शाळा नाही. खोली द्यायची नाही आणि मुक्काम मागायचा, हे न्यायाचे नाही.

ज्या गावात हंगामी वसतिगृह चालते किंवा ज्या तालुक्यात नवे सरकारी वसतिगृह होते, तिथे शाळा व्यवस्थापन समितीने आणि ग्रामसभेने चार गोष्टी पाहाव्यात. गृहपाल रात्री तिथे राहतात का? राहत असतील तर त्यांना कुटुंबासह राहता येईल अशी खोली आहे का? मुलींच्या ठिकाणी बाईमाणूस मुक्कामी आहे का? आणि महिन्यातून एकदा, न सांगता, समितीचा एखादा सदस्य मुलांसोबत पंगतीला बसून जेवतो का? याला वेगळा निधी फारसा लागत नाही, लक्ष लागते.

आणखी एक सुचवावेसे वाटते. बोर्डिंगात वाढलेला एखादा निवृत्त शिक्षक, एखादी निवृत्त नर्स तुमच्या गावात असेल. त्यांना या समितीच्या बैठकीला आवर्जून बोलवा. पहिल्या रात्री रडणाऱ्या पोराला काय लागते, हे त्यांना विचारा. कोणत्याही परिपत्रकापेक्षा ती माणसे ते अधिक नीट सांगतील.